माळरान म्हणजे तुटलेले जंगल आहे काय?

पुण्याच्या पश्चिमेला घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, पण वारे पूर्वेकडे उतरेपर्यंत त्यांतील बाष्प बरेचसे सरलेले असते आणि म्हणूनच बारामती-इंदापूरचा पट्टा, ज्याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, जेमतेम पाचशे मिलिमीटरवर निभावतो. येथील माळरानांविषयी ब्रिटिश अमदानीपासून असा समज रुजला आहे की पूर्वी येथे घनदाट जंगल होते, कुऱ्हाडीने आणि चराईने ते संपवले, तेव्हा झाडे लावून ते परत आणले पाहिजे. या समजापायी गवताळ जमिनींवर चर खणून गिरिपुष्पाची लागवड झाली.

यातील तर्क मुळातच लंगडा आहे. झाडे किती विरळ आहेत हे उपग्रहाच्या प्रतिमेवरून मोजता येते, परंतु ती विरळ का आहेत हे त्या आकड्यातून कळत नाही. कारण जंगल तुटलेले असो, किंवा ती जागा पहिल्यापासून सव्हाना, म्हणजे सलग गवत आणि त्यात विखुरलेली झाडे अशी परिसंस्था असो, आकडा कमीच येणार. दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडणारा पुरावा निवाड्याला निरुपयोगी असतो, आणि म्हणून जेथे दोन्ही शक्यतांची भाकिते वेगळी पडतात तेथे शोध घ्यावा लागतो.

आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या आयसर संस्थेतील दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा शोध चक्क मराठी वाङ्मयात घेतला. सुमारे 750 वर्षांतील लोकगीते, दंतकथा आणि संतचरित्रे यांत ज्या 44 रानवनस्पतींचे उल्लेख त्यांना सापडले, त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश सव्हानाच्या, म्हणजे बाभूळ-तरवडासारख्या उघड्या उन्हात वाढणाऱ्या, निघाल्या. येथे दाट अरण्य असते तर सावलीतल्या वृक्षांची नावे अधिक यायला हवी होती.

यावर आक्षेप घेता येतो आणि तो रास्तही आहे: ओवी रचणारी व्यक्ती वनस्पतींची गणती करीत नसते, तिला वाटेवरचे, उपयोगाचे किंवा देवाधर्माचे झाड आधी आठवते, शिवाय तेराव्या शतकापूर्वीचे अरण्य या साहित्याला दिसणारही नाही. परंतु भारतीय द्वीपकल्पाच्या सव्हानांत 206 प्रदेशनिष्ठ, म्हणजे इतरत्र न आढळणाऱ्या, वनस्पतींची नोंद झालेली आहे आणि अशा जाती चार-दोन शतकांत घडत नाहीत. वनस्पतिशास्त्राची ही साक्ष कवीच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही. ज्यांच्यातील संभाव्य चुका एकमेकींशी निगडित नाहीत असे दोन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा अनुमानाला खरे बळ येते.

मात्र प्रत्येक उघडी टेकडी सव्हाना असते असा उलटा निष्कर्षही काढता येणार नाही, कारण काही ठिकाणी जंगल खरोखरच तुटलेले आहे. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा ज्या गवतावर जगतो, तसे गवत असलेल्या माळावर यंदाच्या पावसाळ्यात खड्डे घेण्यापूर्वी, तेथे आज काय उगवते याची यादी आधी जाणकाराकडून करून घ्यावी.