भंगारातलं इंजिन आणि गोव्याचा चिखल

एका गाडीत दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं मराठवाड्याला नवं नाही. पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा कितीतरी जीप आणि ॲम्बॅसिडरमध्ये मॅटाडोरची डिझेल इंजिनं उतरली, आणि तशा गाड्या पुढे वर्षानुवर्षं चालल्या. खुद्द महिंद्रानेही वेगळं काय केलं? १९६३मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरशी करार करून कंपनीने ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि सत्तरच्या दशकात त्याच घराण्यातलं डिझेल इंजिन जीपच्या बॉनेटखाली बसवलं. पुढे प्यूजोच्या परवान्याने एक्सडीपी ४.९० हे इंजिन आलं. चार सिलिंडर, प्रत्येकी ९० मिलिमीटर व्यासाचे, एकूण २११२ सीसी. एमएम ५४० जीप याच इंजिनावर धावली. या सगळ्या बदलांमागे हिशेब एकच होता, लिटरमागे किलोमीटर किती पडतात. आता काही तरुण हाच उद्योग शर्यतीसाठी करू पाहतात आणि पहिल्याच पायरीवर चुकतात: इंजिन निवडताना ते फक्त हॉर्सपॉवर बघतात. कमी पैशांत गाडी उभी करायची असेल तर पहिली कसोटी दुसरीच हवी. जे इंजिन आपल्या गावात, आपल्या मिस्त्रीच्या हातून, त्याच दिवशी दुरुस्त होईल, तेच घ्यावं.

हे तपासायला एक ठोस उदाहरण घेऊ. माजलगावच्या दोघा मित्रांनी जुनी फोर-व्हील ड्राइव्ह एमएम ५४० घेतली आणि तिच्यात मोडीत निघालेल्या बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन बसवायचं ठरवलं. उतरायचं आहे गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये. मलेशियात १९९७मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात भरते. ड्रायव्हर आणि सह-ड्रायव्हर अशी जोडी, आखून दिलेले टप्पे, वेळेचं बंधन, खुणेच्या खांबांना धक्का लागला की दंड. रस्त्यावरच्या वेगाला इथे किंमत नाही. ओढ्यातून, घसरड्या चढावरून, गुडघाभर चिखलातून गाडी काढायची आणि अडली तर विंचने ओढायची. शिवाय एकेका टप्प्यावर निकाल लागत नाही, अनेक दिवसांचे गुण एकत्र मोजले जातात. पहिल्या दिवशी मोडलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी उभी राहिली नाही तर आदल्या दिवशीच्या गुणांना फारसा अर्थ उरत नाही.

डीआय इंजिनाची बाजू भक्कम होते ती इथे. ६३ हॉर्सपॉवर हा आकडा चारचौघांत मिरवण्यासारखा नाही. पण या घराण्याची इंजिनं बोलेरो आणि पिकअपमधून गावोगाव पोचली, त्यामुळे हेड गॅसकेट, पिस्टन रिंगा, नोझल, वॉटर पंप यांसाठी पुण्या-मुंबईला फोन करावा लागत नाही. तांत्रिक कारण याहून मोलाचं आहे. जुन्या एक्सडीपीत डिझेल आधी छोट्या पूर्वकक्षात पेटतं. त्या कक्षाच्या भिंतींतून बरीच उष्णता कूलंटमध्ये जाते, म्हणूनच ते सुरू करायला हीटर प्लग लागतात. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या खोलगट भागात उडतं. तेवढ्याच कामाला डिझेल कमी लागतं आणि रेडिएटरवर बोजाही कमी पडतो. चिखलात गाडी पायी चालण्याच्या वेगाने रेटत असते, समोरून वारा लागत नाही आणि रेडिएटरच्या जाळीत माती भरलेली असते. तिथे कमी तापणारं इंजिन दहा जादा हॉर्सपॉवरपेक्षा उपयोगी ठरतं.

खरं काम मात्र इंजिन चेसिसवर टेकल्यावर सुरू होतं. टू-व्हील ड्राइव्ह पिकअपच्या गिअरबॉक्सला पुढच्या चाकांनाही ताकद पोचवणारी ट्रान्सफर केस जोडायची सोय नसते, म्हणून नवं इंजिन जीपच्या जुन्या गिअरबॉक्सला अडॅप्टर प्लेटने जोडायचं. ही प्लेट लेथवर डोळ्यांच्या अंदाजाने केली तर क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत येत नाहीत. गाडी सुरू होते, गावात दोन फेऱ्या मारते, सगळे खूश होतात. मग पायलट बेअरिंग वाजायला लागतं आणि क्लच प्लेट फाटते. डायल गेज लावून मोजल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत. पुढची अडचण सम्पची, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याची. जीपच्या पुढच्या ॲक्सलला हाउसिंग असतं आणि खड्ड्यात गाडी दबली की ते वर येतं. सम्पला तेवढी मोकळी जागा नसेल तर पहिल्याच उडीत तेल जमिनीवर. जागा करण्यासाठी इंजिन वर उचललं तर गुरुत्वमध्य वर जातो आणि बाजूच्या उतारावर गाडी उलटायला टेकते. सम्प कापून छोटा केला तर उभ्या चढावर तेल मागे सरकतं आणि पंपाची जाळी कोरडी पडते. यातला सुवर्णमध्य कागदावर सापडत नाही, पुठ्ठ्याचे साचे करून आणि पुढचे पाटे पूर्ण दाबून बघावं लागतं. प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि कोन, इंजिनाचं वजन पेलणारे पुढचे पाटे, विंचला पुरेल असा अल्टरनेटर, छताच्या उंचीवर नेलेला हवेचा पाइप, हे सगळं त्यानंतर. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून हवेच्या पाइपचे सांधे कंजुषी न करता बांधावेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: जुन्या थारचं सीआरडीई इंजिन १०५ हॉर्सपॉवर देत असताना ६३वर समाधान का मानायचं? कारण लो रेंजमध्ये ट्रान्सफर केस चाकावरचं बळ जवळपास अडीचपट करते. ओल्या जांभ्याच्या मातीवर तेवढ्यानेच चाकं जागच्या जागी फिरू लागतात. तिथे मर्यादा टायरच्या पकडीची असते, इंजिनाची नाही. वर त्या इंजिनाबरोबर कंट्रोल युनिट, सेन्सर आणि अख्खं वायरिंग येतं, आणि रात्री तंबूत बसून बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हलकी पेट्रोल जिप्सी चढावर अशा जड जीपला भारी पडते. हे मान्य करावंच लागेल. जिप्सी चांगल्या स्थितीत आणि परवडेल अशी मिळत असेल तर ती घ्यावी. पण तिचं उत्पादन बंद झालं आहे, आणि प्रत्येक सुटा भाग शोधत फिरावा लागला तर स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे आणि त्याला वळसा घालता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीची तरतूद केली. जुन्या मॅटाडोरवाल्यांचे दाखले इथे कामाचे नाहीत. अशी गाडी फक्त स्वतःच्या रानात आणि स्पर्धेच्या आवारात चालवावी; माजलगावहून गोव्याला ती ट्रकवर चढवून न्यावी आणि ते भाडं पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरावं. भंगारातून इंजिन घेताना त्याच्या नंबराची कागदपत्रं मागावीत, नाहीतर चोरीच्या गाडीचं इंजिन गळ्यात पडायचं. रोल केज, सीट बेल्ट, अग्निशामक आणि बाहेरून बंद करता येणारा बॅटरी स्विच यांचे पैसे इंजिनाच्या आधी बाजूला काढावेत. तपासणीच्या रांगेत गाडी अडते ती यांच्यावाचून, हॉर्सपॉवरवाचून नव्हे.

एका बाबतीत माजलगाव गोव्यापेक्षा सरस आहे. इथला मे महिना चाळीस अंशांच्या वर जातो. नांगरलेल्या काळ्या रानात भर दुपारी लो रेंजमध्ये तासभर गाडी रेटली की रेडिएटर, पंखा आणि क्लच यांची खरी परीक्षा होते. पावसाळ्यात, गार हवेत ती होत नाही. स्पर्धा पावसाळ्यातली, म्हणजे दुरुस्तीला जून उरतो आणि चाचणीला एप्रिल-मे. गुढीपाडव्यापर्यंत इंजिन बसून सुरू झालं नसेल, तर त्या वर्षीची प्रवेश फी भरू नका.