नैरोबींतील चांगली कॉफी

आमच्या निमोण्याकडचा शेतकरी कांदा निवडतो, तेव्हां मोठा, एकसारखा माल गोणींत भरून बाजारास धाडतो आणि चिंगळी घरीं ठेवतो. पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशांत कॉफीची गत अशीच आहे. नैरोबीस मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेल्या आपल्या पाहुण्यास तेथील नामांकित कॉफी सहजीं मिळत नाहीं, त्याचें कारण हेंच.

शेजारच्या इथिओपियांत कॉफी हें घरचें पेय. पाहुण्यादेखत दाणे भाजून ती करतात. केनियांत ती फ्रेंच धर्मप्रचारकांनीं १८९३ च्या सुमारास आणली. पुढें गोऱ्या मळेवाल्यांच्या अमदानींत आफ्रिकी शेतकऱ्यास कॉफी लावण्याची मनाई होती. १९३० नंतरच्या दशकांत ती थोडी सैल झाली आणि १९५४ च्या स्विनर्टन योजनेनंतर लहान शेतकऱ्यांचे मळे वाढले. परंतु पीक विकण्यासाठींच, ही रीत कायम राहिली. माल बहुतेक परदेशीं जातो, आणि घरोघर पितात तो दुधाचा चहा! त्यास म्हणतातही ‘चाय’च.

मग चांगली कॉफी शोधावी कशी? विरघळणाऱ्या भुकटीच्या डब्याच्या वाटेस जाऊं नये. शहरांत दाणे भाजून विकणारीं दुकानें आहेत. तेथें अख्खे दाणे मागावे, ते केव्हां भाजले हें विचारावें, आणि न्येरी किंवा किरिन्यागा या केनिया पर्वताच्या पायथ्याकडील प्रांतांचा माल आहे काय, तें पाहावें. पाकिटावरील ‘ए-ए’ या अक्षरांस पुष्कळ लोक भुलतात. तीं अक्षरें दाण्याचा आकार सांगतात, चव नव्हे. ‘पी-बी’ म्हणजे फळांत दोन चपट्या बियांऐवजीं एकच वाटोळी बी धरलेला दाणा.

तेथील उत्तम कॉफीस स्वच्छ, फळासारखी आंबूस चव असते. एस-एल २८ व ३४ या जाती, उंचावरील गार हवा, आणि फळाचा गर काढून, हौदांत आंबवून, धुऊन, उंच मांडवांवर वाळवण्याची पद्धत या सर्वांचा तो गुण आहे. चिकोरी मिसळलेली, दुधांत उकळून जायफळ लावलेली आपली कॉफी मला प्रिय आहे. परंतु त्या थाटांत हा आंबूसपणा पार हरपतो. पहिला पेला तरी बिनदुधाचा घ्यावा. नैरोबी सुमारें १,७०० मीटर उंचीवर, जवळजवळ कळसूबाईच्या शिखराइतकी आहे. तेथें पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतें, म्हणून उकळी येतांच तें पुडीवर ओतलें तरी चालतें. निववीत बसण्याचें कारण नाहीं.

मोंबासा बंदरास जाणें झाल्यास मात्र हा सारा खटाटोप नको. निखाऱ्यावर पितळी भांडें ठेवून ‘कहावा चुंगु’, म्हणजे कडू कॉफी, विकणारे लोक तेथें रस्त्यावर भेटतात. पेला अगदीं चिमुकला असतो, दोन घ्यावे.