पिंजऱ्यातला वंश आणि ई-क्लासवरचा लांडगा

टिपेश्वरहून निघालेला एक तरणा वाघ २०१९ च्या डिसेंबरात गळ्यातल्या कॉलरसकट ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला आणि बुलढाण्याच्या जंगलाकडे सगळ्या महाराष्ट्राने मान वळवून पाहिले. त्याला जोडीदारीण आणावी की नाही, यावर वर्तमानपत्रांत चर्चा झडल्या. लांडग्याचे नशीब असे कधी फळफळले नाही. माळावरचा जुना रहिवासी तो, लोणारच्या परिसरातही त्याच्या नोंदी आहेत. पण बातमीत येतो तो मेंढ्या मारल्यावरच. अशा उपेक्षित जनावरासाठी एक उपाय कुणालाही सहज सुचेल. समृद्धी महामार्गापासून लोणारकडे वळणाऱ्या वाटेवर दहा-वीस एकर घ्यायची, जाळी मारायची, लांडगे पाळायचे, तिकीट लावायचे. शेगावचे आनंदसागर पाहायला कुठून कुठून गाड्या येत, हे ज्या जिल्ह्याने पाहिले आहे त्याला ही कल्पना वेडगळ वाटणार नाही. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रह उघडता येत नसल्याने ती सहजासहजी प्रत्यक्षात उतरणारही नाही. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी कल्पना फसवीच आहे. ती फसवी का, हे पेनसिल्व्हेनियातल्या एका डॉक्टरच्या उद्योगावरून कळते.

केन नावाच्या गावातले हे डॉक्टर मॅक्लीअरी. १९१५ पासून अमेरिकी सरकारने पगारी शिकारी नेमून लांडग्यांचा निःपात आरंभला होता. बायसनच्या कळपांमागे फिरणारा मैदानी लांडगा तर संपल्यात जमा होता. १९२० च्या सुमारास मॅक्लीअरींनी त्या शिकाऱ्यांकडूनच जिवंत लांडगे विकत घ्यायला सुरुवात केली. मारेकऱ्यालाच गिऱ्हाईक होऊन भेटायचे, ही युक्ती मोठी व्यवहारी होती. पिंजऱ्यांचा आणि मांसाचा खर्च एकट्या डॉक्टरच्या मिळकतीतून भागेना, म्हणून पुढे सहा क्रमांकाच्या राष्ट्रीय रस्त्यालगत लोकांना लांडगे दाखवण्याचे ठिकाण उभे राहिले. मोटारीने सहलीला निघण्याची तिकडे तेव्हा नवी हौस होती. थोडा थरार, थोडी करुणा आणि प्रवेशशुल्क, यांवर ते चालले. १९६० च्या दशकात मालकी जॅक लिंच यांच्याकडे गेली. लांडगे आधी पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात हलले आणि पुढे मॉन्टानात. म्हणजे काही माणसांनी आपली उभी आयुष्ये एका वंशावर खर्ची घातली. त्यांच्या तळमळीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरीही १९९५ आणि १९९६ साली यलोस्टोनमध्ये जेव्हा खरोखरच लांडगे परत सोडले गेले, तेव्हा ते ३१ लांडगे कॅनडाच्या रानातून पकडून आणलेले होते. वंशशुद्धीचा दावा सांगत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या मॅक्लीअरींच्या लांडग्यांतला एकही त्यात नव्हता. कारण उघड आहे. शिकार करणे, माणूस टाळणे, हद्द राखणे हे लांडगा कळपात शिकतो, आणि कळप रानात असतो. शिवाय मोजक्या पूर्वजांची पैदास आपसातच होत राहिली की रक्त कमजोर होत जाते. जाळीआड टिकली ती फक्त लांडग्याची कुडी.

या युक्तिवादाला एक तगडा प्रतिवाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे लबाडीचे होईल. मेक्सिकन लांडगा आज रानात आहे तो निव्वळ पिंजऱ्यामुळे. १९७७ ते १९८० या काळात रॉय मॅकब्राइड या शिकाऱ्याने मेक्सिकोतून पाच लांडगे जिवंत पकडले आणि त्यांतल्या काहींपासून पैदास सुरू झाली. पण खरी गंमत घोस्ट रँच नावाच्या शाखेची आहे. १९५९ साली ॲरिझोनात पकडलेला एक नर आणि १९६१ साली सोनोरातून आणलेली एक मादी, यांचा हा विस्तार. न्यू मेक्सिकोतल्या घोस्ट रँचच्या संग्रहालयात यातले लांडगे असत, म्हणून ते नाव. अधिकारी आणि शास्त्रज्ञ या शाखेला वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवत आले. त्यांचा संशय असा, की यात कुत्र्याचे रक्त मिसळले आहे. सांभाळणारे म्हणत, आमचे लांडगे अस्सल आहेत. वाद मिटला तो जनुकीय तपासणीने. १९९५ मध्ये ही शाखा आणि मेक्सिको सिटीच्या प्राणिसंग्रहालयातली आरागोन शाखा, दोन्ही शुद्ध ठरल्या, मूळ पूर्वजांची संख्या सातवर गेली आणि १९९८ साली ११ लांडगे ॲरिझोनात सोडले गेले. मग हौशी पिंजरेवाल्यांना नावे का ठेवायची? तर हा प्रकार घडला तो रानातला मेक्सिकन लांडगा जवळजवळ नाहीसा झाल्यावर. वंशनोंदवही, प्रयोगशाळा, दोन देशांची सरकारे आणि संस्थांचे जाळे पाठीशी उभे राहिले तेव्हा. घर जळून गेल्यावर वळचणीला सापडलेले दागिने उपयोगी पडले, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आपले घर अजून जळलेले नाही. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबाने १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानात दोन लाखांहून अधिक लांडगे मारले गेले. सरकार त्यांच्यावर इनाम लावत असे. एवढे होऊनही भारतात आज सुमारे ३,००० लांडगे आहेत, आणि जनुकीय अभ्यास सांगतो की ही जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे. त्यांतले बहुतेक अभयारण्यात राहतच नाहीत. ज्ञानगंगेचे सुमारे २०५ चौरस किलोमीटर जंगल बिबट्या-अस्वलाला मानवते. लांडग्याला हवे उघडे कुसळी गवत, ससा, काळवीट, रोह्याचे पिलू आणि हिवाळ्यात पिल्ले घालायला नाल्याच्या काठची बिळे. हे सगळे आपल्याकडे असते ते ई-क्लासवर. कागदोपत्री ही गुरचरणाची सरकारी जमीन आणि बोलण्यात ‘पडीक’. पडीक म्हटले की तिच्यावर अतिक्रमण होते, नाहीतर वृक्षारोपण. २०१९ साली राज्याने ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला. गवताळ माळावर गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावून हिरवाई वाढवण्याच्या अशा उत्साहात चिंकारा आणि लांडगा बेघर होतो, याचा विचार कितीजणांनी केला? झाडे लावणे नेहमी पुण्याचेच असते, हा आपला शहरी भाबडेपणा आहे.

आणखी एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीतून सिद्ध झाले. गावकुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोगही लांडग्यांत शिरतात. अशा वेळी शुद्ध रक्ताचा साठा बाजूला काढून ठेवणे शहाणपणाचे नाही का? आहे, पण ते काम जयपूर आणि जुनागढच्या मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांत होते. संकर थांबतो तो गावातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण केल्याने आणि मेलेली जनावरे गावाबाहेर उघड्यावर न टाकल्याने. रस्त्याकडेच्या तिकीटघराचा त्यात काडीचाही उपयोग नाही. लहान मुलांना लांडगा दिसेल, हाही एक मुद्दा मांडला जातो. पण जाळीमागे येरझाऱ्या घालणारे, दुपारी चार वाजता मांसाच्या तुकड्याची वाट पाहणारे जनावर पाहून मूल नेमके काय शिकते?

या सगळ्यात ज्याच्या खिशाला खरी झळ बसते तो मेंढपाळ पर्यटनाच्या गणितात कुठेच नसतो. रब्बीच्या आधी शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायच्या, अंधार पडायच्या आत जाळीची वाघूर ताणायची, कोकरे डालग्याखाली झाकायची, कुत्री मोकळी सोडायची. एवढे करूनही पहाटे एखादी मेंढी जाते. २०२२ च्या शासन निर्णयानुसार शेळी-मेंढीमागे बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम मिळते. पण त्यासाठी ४८ तासांत खबर द्यायची, मेलेले जनावर जागेवर ठेवायचे, पंचनाम्याची वाट पाहायची. चारा संपला की वाडा हलवणाऱ्या माणसाला हे कसे जमणार? मग तो खबरच देत नाही. पुढच्या हिवाळ्यात बीळ सापडले की त्यात धूर करणारा हात कुठून येतो, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा लांडग्यासाठी ज्याला पैसे खर्च करायचे असतील त्याने बुलढाण्यात जाळी मारू नये. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांतल्या ग्रामसभांनी आपापल्या ई-क्लासची मोजणी मागून घ्यावी आणि तिथल्या गवतावर खड्डे खणायला नकार द्यावा. वन विभागाने मेंढपाळाचा पंचनामा त्याच्या मुक्कामी येऊन, त्याच दिवशी करावा.