जुन्या गाडीची वायरिंग : नवी बॅटरी आणण्याआधी



गळीत हंगाम सुरू झाला की दारातल्या जुन्या जीपला किंवा अ‍ॅम्बॅसिडरला उसंत नसते. अ‍ॅम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, पण ज्यांच्याकडे ती आहे त्यांची ती अजून कामाचीच आहे. अशा गाडीची चावी फिरवल्यावर नुसते 'टक' वाजले, की आपण म्हणतो, बॅटरी गेली! नवी आणतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटच्या सरीला पाणी पोचले नाही म्हणून कोणी नवी विहीर खोदत नाही. आधी पाट कुठे फुटलाय ते बघतो. विजेचेही तसेच आहे.

१. हेडलाइट लावून स्टार्टर मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल खराब आहे. दिवे तसेच राहिले तर दोष स्टार्टरच्या बाजूला शोधा.

२. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी व खाण्याच्या सोड्याने धुवा, कोरडे करून घट्ट आवळा, वर ग्रीस लावा. सोडवताना अर्थची वायर आधी काढावी, जोडताना ती शेवटी जोडावी.

३. दिवा मिणमिणत असेल तर बॅटरीच्या अर्थ टोकापासून एक जादा वायर दिव्याच्या पत्र्याला टेकवा. उजेड वाढला तर अर्थ खराब. बोल्टखालचा गंज व रंग खरवडला की काम झाले.

४. मीटर असेल तर बघा : १२ व्होल्टची भरलेली बॅटरी बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १४. आकडा चढलाच नाही तर चार्जिंग होत नाही. आधी फॅनबेल्ट सैल आहे का ते पाहा, मग डायनामो तपासून घ्या.

५. फ्यूज उडाला तर सिगारेटची चांदी किंवा जाड तार घालू नका. फ्यूज वाचतो, पण वायरिंग पेटते. बॅटरीजवळ बिडी-काडी नकोच.

हेच नियम ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरलाही लागू आहेत. नातेपुते-माळशिरस-वेळापूर रस्त्याला रात्री उसाने भरलेली ट्रॉली मागच्या लाल दिव्याशिवाय उभी असेल, तर मागून येणाऱ्याला ती जवळ येईपर्यंत दिसत नाही. तेव्हा मंडळी, फडातून निघताना मागे जाऊन दिवा लागतोय का, एवढे बघाच. त्याला दोन मिनिटे लागतात. मागून येणारा कदाचित आपलाच कोणीतरी असेल.