भिंतीला चुना, पण डोळे सांभाळा

पावसाळा ओसरला, घटस्थापना जवळ आली, की घनसावंगी परिसरात कुंचे, बादल्या आणि शिड्या बाहेर निघतात. जुन्या घरांच्या बाहेरच्या भिंतींना पोपडे आलेले असतात, ओल चढलेली असते. काम घरचे, माणसेही घरचीच. त्यामुळे सावधगिरीचा विचार सहसा होत नाही.

प्रथम रंगाविषयी. दगड-मातीच्या जुन्या भिंतीला चुनाच चांगला. चुन्याच्या थरातून भिंतीतली ओल बाहेर पडते, शिवाय त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही. अशा भिंतीवर ऑइलपेंट दिला तर ओल आत कोंडते, घरात बुरशी येते आणि दम्याच्या रुग्णाचा त्रास वाढतो. मात्र पन्हळ गळत असेल, तर आधी ती दुरुस्त करावी.

चुना स्वस्त खरा, पण निरुपद्रवी नव्हे. कळीच्या चुन्यावर पाणी पडताच तो उकळू लागतो आणि गरम शिंतोडे उडतात. म्हणून लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यावे व त्यात चुना थोडाथोडा टाकावा. चुन्यावर एकदम पाणी ओतू नये. प्लॅस्टिकची बादली वापरू नये. पिंप झाकून ठेवावे व मुलांना जवळ फिरकू देऊ नये. निवलेला चुनासुद्धा तीव्र अल्कलीच असतो. तेव्हा चष्मा, रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

डोळ्यात चुना गेल्यास काय करावे? अल्कली आम्लापेक्षाही खोल शिरते. बुबुळावर कायमचे फूल पडून दृष्टी जाऊ शकते. येथे मिनिटामिनिटाला महत्त्व आहे. डोळा चोळू नये. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडावी. पापणीखाली चुन्याचे खडे असतील तर ओल्या स्वच्छ कापडाने हलकेच काढावेत. तूप, दूध, गुलाबपाणी किंवा लिंबू घालू नये. धुऊन झाल्यावर लगेच डॉक्टरांकडे जावे. जालन्याला डोळ्यांच्या उपचारांसाठी श्री गणपती नेत्रालय आहे. पण आधी धुणे, मग गाडी शोधणे, हा क्रम विसरू नये. अंगावर कोरडा चुना पडल्यास तो आधी झटकावा, नंतर भरपूर पाण्याने धुवावे.

दुसरा धोका जुन्या दारे-खिडक्यांच्या रंगाचा. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगांत दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ उडते. लहान मुलांच्या मेंदूला आणि गर्भवतीच्या पोटातील बाळाला ती घातक असते. म्हणून रंग ओला करूनच खरवडावा, खाली कापड अंथरावे, मुलांना व गर्भवतीला दूर ठेवावे, आणि हातपाय धुतल्याशिवाय जेवू नये.

शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर ठेवावा व खाली एकाने ती धरावी. विजेच्या तारेजवळ लोखंडी शिडी नेऊ नये.

काम सुरू करण्याआधी स्वच्छ पाण्याची एक भरलेली घागर आणि तांब्या हाताशी ठेवा. वेळ आलीच, तर डोळा वाचवणारे पहिले औषध तेच.