बांधाबाहेर जाणारे पाणी
नळदुर्ग परिसरातील बागायतदारांनी पाळावयाची दक्षता

धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील नळदुर्गचा किल्ला पाहावयास जाणारा मनुष्य पाणीमहालाजवळ थबकल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकिर्दीत (१५८०-१६२७) बोरी नदीवर येथे भक्कम बंधारा घालण्यात आला आणि त्याच्या पोटातच महाल बांधण्यात आला. नदीस पूर आला म्हणजे जादा पाणी नर व मादी या नावांच्या दोन सांडव्यांवरून खाली कोसळते. परंतु महालात बसलेल्या मनुष्यास ते भिजवीत नाही. पाणी किती येणार व ते कोणत्या वाटेने जाणार, याचा विचार ते येण्यापूर्वीच करून ठेवावा, हा या बांधकामाचा धडा होय. तो शेतातील पाण्यासही तितकाच लागू पडतो.

बोरी नदी येथून पुढे अक्कलकोट तालुक्यातून जाऊन भीमेस मिळते. तिच्या काठच्या व तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठच्या शेतांतून जे पाणी वाहून जाते, तेच खालच्या गावांच्या विहिरींत, तलावांत व घागरींत उतरते. ते कशासह उतरते, हा प्रश्न प्रत्येक बागायतदाराने स्वतःस विचारला पाहिजे.

पाण्याबरोबर काय जाते ?

वाहते पाणी शेतातून तीन वस्तू नेते. पहिली, वरची सुपीक माती. दुसरी, या मातीच्या कणांस चिकटलेले स्फुरद व कीटकनाशकांचे अंश. स्फुरद साचलेल्या पाण्यात पोहोचले म्हणजे तेथे शेवाळ माजते व पाण्यास दुर्गंधी सुटते. तिसरी वस्तू डोळ्यांस न दिसणारी, म्हणून अधिक फसवी आहे. ती म्हणजे नत्रखताचे नायट्रेट.

जमिनीत पडलेल्या युरियाचे काही दिवसांत अमोनियात व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर होते. अमोनियाचा अंश काळ्या मातीचे कण धरून ठेवतात. नायट्रेट मात्र धरून ठेवीत नाहीत. ते पाण्याबरोबर खाली झिरपते. या भागातील उथळ काळ्या जमिनीखाली मुरूम व कातळाच्या भेगा असल्याने त्यास विहिरीपर्यंत पोहोचण्यास फार अडथळा राहत नाही. शिवाय उन्हाने भेगाळलेल्या रानात पहिलेच पाणी मोकाट सोडले, तर त्याचा बराच भाग भेगांतून मुळांच्याही खाली जातो.

पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. युरियाच्या ४५ किलोच्या एका पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. ते सर्व नायट्रेट होऊन पाण्यात उतरले, तर सुमारे २० लाख लिटर शुद्ध पाणी या मर्यादेस जाऊन भिडेल. सर्वच नत्र वाया जाते असे नाही. परंतु एका पोत्याचे सामर्थ्य केवढे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

याचा धोका सर्वांत अधिक तान्ह्या मुलांस असतो. वरच्या दुधात असे पाणी मिसळल्यास बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते व त्याची त्वचा निळसर दिसू लागते. विहिरीच्या पाण्याचा व या विकाराचा संबंध अमेरिकेतील आयोवा राज्यात १९४५ साली प्रथम दाखविण्यात आला. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. म्हणून उपाय चुलीवर नव्हे, तर शेतातच केला पाहिजे.

पाणी मोजून द्यावे

पुष्कळ ठिकाणी वीज रात्री येते. पंपास ऑटोस्टार्टर लावून शेतकरी घरी जातो, सऱ्या भरून वाहू लागतात व पहाटेपर्यंत पाणी ओढ्यास जाऊन मिळते. त्यात वीज, पाणी व खत या तिन्हींची हानी होते.

आपला पंप किती पाणी देतो, हे काढणे कठीण नाही. २०० लिटरचे पिंप ४० सेकंदांत भरले, तर पंप सेकंदास ५ लिटर, म्हणजे तासास १८ हजार लिटर पाणी देतो. एक एकरास ६ सेंटिमीटर पाण्याची पाळी द्यावयाची तर सुमारे २ लाख ४३ हजार लिटर पाणी लागते. अर्थात असा पंप साडेतेरा तास चालला म्हणजे पुरे. जमिनीची खोली व पिकाची अवस्था पाहून यात फरक करावा. परंतु तास ठरल्यावाचून दारे धरू नये.

पुढील गोष्टी नित्य पाळाव्यात :

१. सऱ्या उतारास आडव्या व सौम्य ढाळाच्या काढाव्यात. लांब सरीचे दोन भाग करावेत. सरीच्या टोकास पाणी पोहोचताच धार निम्म्यावर आणावी.

२. युरिया एकदम न देता हप्त्यांनी द्यावा. तो वाफशावर पिकाच्या ओळीजवळ पेरून मातीआड करावा व नंतर हलके पाणी द्यावे. खत फेकून त्यावर मोकाट पाणी सोडणे, अगर मोठ्या पावसाची चिन्हे असता खत देणे टाळावे. खताची मात्रा माती परीक्षणावरून ठरवावी.

३. शेताच्या तळाशी खड्डा घेऊन जादा पाणी त्यात अडवावे. गाळ बसल्यावर ते पाणी पुन्हा पिकास द्यावे. गाळ शेतातच पसरावा.

४. ओढ्याच्या काठी दोन ते तीन मीटर रुंदीचा गवताचा पट्टा राखावा. गवत गाळ अडविते व जनावरांस वैरणही मिळते.

५. ठिबक संचातून खत देताना पाणी उलटे फिरू न देणारा व्हॉल्व्ह अवश्य बसवावा. तो नसल्यास वीज जाताच खताचे पाणी विहिरीत परतण्याचा संभव असतो.

६. फवारणीचा पंप विहिरीवर वा ओढ्यात धुऊ नये.

प्रात्यक्षिक हाच खरा उपदेश

हे सर्व केवळ व्याख्यानाने पटत नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकाच शिवारातील दोन तुकडे निवडावेत. एकात नेहमीप्रमाणे मोकाट पाणी द्यावे, दुसऱ्यात मोजून. दोहोंच्या तळाशी निघणारे पाणी काचेच्या बाटल्यांत भरून रात्रभर ठेवावे व सकाळी तळाशी बसलेला गाळ शेतकऱ्यांस दाखवावा. विहिरीच्या पाण्याची नायट्रेटसाठी तपासणी प्रयोगशाळेकडून उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर करून घ्यावी आणि निकाल चावडीवर लावावा. पाणी भरणाऱ्या स्त्रियांस या सभेस अवश्य बोलवावे. पाण्याचा रंग व वास बदललेला प्रथम त्यांच्याच ध्यानात येतो. तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्लाही या कामी घेता येईल.

या मुलखात पाणी आधीच तोकडे. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे आणि २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तर तरुणांनीही पाहिले आहे. जेथे पाण्याचा थेंब इतका मोलाचा, तेथे हाती असलेले पाणी आपल्याच हाताने बिघडविणे कोणासही परवडणारे नाही. वरच्या शेतकऱ्याने सांभाळलेले पाणी खालच्या गावाचे जीवन होय. आणि प्रत्येक शेताच्या वर कोणा ना कोणाचे दुसरे शेत असतेच.