असीरगडावर बसून चित्र कसे काढावे

मार्च २०२५ च्या सुरुवातीला असीरगडाच्या पायथ्याशी असलेल्या शेतांत रात्री टॉर्च फिरू लागले. कुणाच्या हातात कुदळ, कुणाकडे चाळणी; काहींनी तर धातू शोधायची यंत्रेच आणली होती. निमित्त 'छावा'चे. १४ फेब्रुवारीला लागलेल्या या सिनेमात बुऱ्हाणपूरचा मोगली खजिना आहे. त्यात रस्त्याच्या कामाची माती एका शेतात येऊन पडली, तिच्यात सोन्याची नाणी निघाल्याची आवई उठली, आणि रात्र-रात्र खणणाऱ्या लोकांचे व्हिडिओ देशभर फिरले. पोलिसांनी हटकले. खड्डे तेवढे मागे राहिले.

आपण हसलो. पण ही गोष्ट उलट्या दिशेने तपासून पाहण्यासारखी आहे. सिनेमा ज्यावर बेतला ती शिवाजी सावंतांची 'छावा' १९७९ ची. जाडजूड कादंबरी, निवांत वाचायची तर काही आठवडे सहज जातात. सिनेमा अडीच तासांहून थोडा मोठा, त्यातला बुऱ्हाणपूरचा प्रसंग काही मिनिटांचा. मोबाइलवर पोहोचला तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा, वर ठळक अक्षरांत 'खजिना'. त्या तुकड्यात संभाजी महाराज उरले नव्हते की सावंत उरले नव्हते. उरले होते सोने आणि एक पत्ता. तोही चुकीचा. १६८१ च्या सुरुवातीला मराठ्यांनी लुटला तो बुऱ्हाणपुराबाहेरचा बहादूरपुरा. असीरगड तिथून वीसेक किलोमीटर उत्तरेला, सातपुड्याच्या खिंडीवर. शिवाय फारुकी, मोगल, निजाम, पेशवे, शिंदे आणि शेवटी १८१९ साली इंग्रज, इतक्यांच्या हातांतून गेलेल्या गडाखाली सोने कुणी आपल्यासाठी ठेवले असेल, असे मानायला फार मोठे मन लागते.

कलाकृतीचा असा तुकडा होतो कसा, ते आधी पाहू.

२९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्येच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. यामागच्या यंत्रणेला चित्र चांगले की वाईट हे कळत नाही. तिला मोजता येते ते एवढेच: सरकवणारे बोट थांबले का, किती सेकंद थांबले, शेवटपर्यंत पाहिले का, पुन्हा पाहिले का, दुसऱ्याला पाठवले का. म्हणजे पहिल्या दोन-तीन सेकंदांत बोट अडले पाहिजे. असीरगडाला त्यासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. गुप्तेश्वर महादेवाच्या देवळात अश्वत्थामा रोज पहाटे फूल वाहून जातो, अशी इथली जुनी दंतकथा आहे. त्यामुळे गडावरच्या बहुतेक रील्सची सुरुवात अश्वत्थाम्याने होते आणि शेवटही त्याच्यावरच. मधला गड नुसता पडद्यासारखा मागे.

बघणाऱ्याच्या बाजूला दुसरी गोष्ट घडते. कादंबरी संपते, मासिकाचा अंक संपतो, सिनेमाचे दिवे लागतात. फीडला तळ नाही. त्यात बहुतेक माल टुकार, आणि मधेच एखादी चीज अशी निघते की वाटते, बरे झाले बघत राहिलो. पुढची चीज कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणूनच हात थांबत नाही. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच पाहिले होते: दाणा ठरलेल्या हिशेबाने न मिळता अवचित मिळू लागला, की कबूतर कळीवर जास्त चिकाटीने चोच मारते.

आणि चित्र काढणाऱ्याचे? त्याला वाटते, दोन मिनिटे फोन पाहिला, परत कामाला लागलो, बिघडले कुठे? सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तरी मनाचा एक भाग पहिल्यापाशीच रेंगाळतो आणि दुसरे काम कच्चे होते. दोन मिनिटांचा फोन म्हणूनच दोन मिनिटांत संपत नाही. शिवाय चित्रकाराचा आणखी एक छुपा खर्च असतो. रेघ उमटायच्या आधीच तो विचार करू लागतो की याचा टाइमलॅप्स कुठून घ्यावा. इथे असीरगड एक मजेशीर अडचण उभी करतो. खंडवा रस्त्यावरून दिसणारा गड आडवा आहे, लांबच लांब. फोनची चौकट उभी. गड तिच्यात मावत नाही. मग लोक गडावरच्या मशिदीचा एक मिनार तेवढा उचलतात, कारण तो उभा आहे. काय पाहायचे हे डोळ्यांच्या आधी चौकटीने ठरवलेले असते.

तर आता चित्र. हिवाळ्यात सकाळी लवकर निघावे. उन्हाळ्यात इथला बेसाल्ट तापतो आणि बसणे अशक्य होते. सामान थोडके: ४बी आणि ६बी पेन्सिली, एक पुठ्ठा, दोन क्लिपा, पाणी. कागद स्वस्तातला घ्यावा, न्यूजप्रिंट असेल तर उत्तम. तो इथे शोभतोही. जवळच नेपानगर आहे, जिथला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना १९५६ साली पंडित नेहरूंनी देशाला अर्पण केला. महाग कागद फाडताना जीव दुखतो आणि पहिली चार चित्रे तर फाडायचीच असतात. फोन फ्लाइट मोडवर टाकून पिशवीच्या तळाशी. खिशात नको. पहिली दहा मिनिटे हात आपोआप खिशाकडे जातो, तिथे काही नसले की माघारी येतो. ही दहा मिनिटे कंटाळ्याची असतात, आणि ती टाळायला उपाय नाही. निघून न जाणे एवढेच करायचे.

पहिले चित्र खालूनच, गडावर न चढता. बाह्यरेषा काढायची, कागदाकडे न बघता. डोळा गडाच्या डाव्या टोकावर ठेवावा आणि कड्यावरून मुंगीच्या चालीने पुढे सरकवावा. पेन्सिल तेवढ्याच वेगाने कागदावर. डोळा थांबला की पेन्सिल थांबली. निघते ते चित्र हास्यास्पद असते, रेघ रेघेला मिळत नाही. पण या खटाटोपात तीन टप्पे दिसू लागतात, जे आधी एकच डोंगर वाटत होते: खाली मलयगड, मध्ये कमरगड, वर मूळ असीरगड. आणि हेही दिसते की तटबंदी कुठे सुरू होते ते लवकर सांगता येत नाही. लाव्ह्याचे थर आडवे साचले, त्यामुळे कड्यालाच पायऱ्या आहेत. बांधणाऱ्यांनी कड्याची आडवी रेघ तशीच पुढे नेली आहे. हे मला कुठल्याही फोटोत नीट दिसलेले नाही.

दुसरे चित्र वर, जामा मशिदीसमोर. ही फारुकी सुलतान आदिलशहाची, म्हणजे राजा अली खानची. दोन मिनार, पुढे कमानींची रांग. इथे मोजमाप लागते. हात पूर्ण ताठ करून पेन्सिल उभी धरावी, एक डोळा मिटावा, पेन्सिलीचे टोक मिनाराच्या माथ्याला लावून अंगठा पायापाशी आणावा. तेवढे माप आडवे करून दर्शनी भिंतीवर मोजावे, किती वेळा बसते ते. कोपर वाकले की माप बदलले, म्हणून हात ताठ. मग डोळे किलकिले करावेत. बारीकसारीक तपशील नाहीसे होतात आणि तीनच रंगछटा उरतात: उजळ आभाळ, मधली भिंत, काळ्या कमानी. आधी त्या तीन भरल्या की चित्र उभे राहते. कमानीतली नक्षी नंतर, आणि वेळ उरला तरच.

याच्या पुढचे काम मला सगळ्यात आवडते, ते म्हणजे अक्षरे उतरवून घेणे. मशिदीत अरबीच्या जोडीला संस्कृत लेख आहे. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतही याच सुलतानाचा तसा जोडलेख आहे. त्यातल्या संस्कृत भागात राजाची वंशावळ येते आणि मुहूर्त पंचांगाच्या हिशेबाने, घटिकांसकट नोंदवलेला आहे, जो ५ जानेवारी १५९० ला पडतो. मशिदीच्या भिंतीवर पौष शुद्ध दशमी! अकरा वर्षांत राज्यच गेले. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला. तो कसा आला याच्या तेव्हाच दोन कहाण्या झाल्या: अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल गडावरच्या रोगराईकडे बोट दाखवतो, तर जेसुइट पाद्री म्हणतात की सोने चारून दरवाजे उघडले. अफवेला मोबाइल लागत नाही हे खरेच, मोबाइलने तिला फक्त पाय दिले.

विजयाचा फारसी लेख गडाच्या कातळावर कोरला तो मीर मासूम 'नामी' या भक्करच्या माणसाने. हा कवी, सिंधचा इतिहास लिहिणारा, अकबराचा सरदार आणि सुलेखक. जाईल तिथे दगड कोरणारे कारागीर सोबत नेत असे. मांडूला आणि बुऱ्हाणपूरच्या मशिदीतही त्याच्या खुणा आहेत. 'आम्ही इथे आलो, जिंकलो' असा मजकूर टाकायची हौस त्यालाही होतीच. फरक कामाच्या रीतीत आहे. अशा लेखांत बहुधा आधी शाईने अक्षर आखतात आणि मग अक्षराभोवतीचा दगड काढून टाकतात, म्हणजे अक्षर उठून वर राहते. एक टाकी चुकली तर नुक्ता उडतो आणि तो परत लावता येत नाही. हे कागदावर उतरवताना आपणही अक्षर काढू नये; अक्षराभोवतीची सावली भरत जावी. लिपी वाचता येत नसेल तर फायदाच होतो, कारण मन पुढचे अक्षर आपल्या अंदाजाने लिहून मोकळे होत नाही. एका ओळीला तासभर लागू शकतो. लागू द्यावा.

आता फोटो. काढूच नये असे मी म्हणणार नाही, पण कसा काढावा याला पुरावा आहे. लिंडा हेंकेल यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात विद्यार्थ्यांना फिरवले. काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला. २०१४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या, जणू आठवणीचे काम कॅमेऱ्यावर सोपवून टाकले होते. मात्र ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम केले, त्यांची आठवण तशी घसरली नाही. म्हणून असीरगडावर पूर्ण मशिदीचा फोटो घेऊ नये. एका कमानीच्या बुंध्याचा घ्यावा, तोही चित्र संपल्यावर.

आपल्याकडे या आठवणीची तालीम शाळेतच होत असे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसलेल्यांना स्मरणचित्र आठवत असेल: समोर काही नाही, 'बाजार' किंवा 'पाणवठा' असा विषय, आणि कोरा कागद. तेव्हा त्याचा धाक वाटायचा. गडावरून उतरल्यावर गाडीत बसण्यापूर्वी तेच करावे. वही मिटून नव्या कागदावर मशीद पुन्हा काढावी, मनातून. जिथे हात अडतो तिथे आपण पाहिलेलेच नव्हते.

चित्र काढायचे नसेल, नुसते पाहायचे असेल, तर बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातला हमाम गाठावा. छतावर जुने रंगकाम अजून शिल्लक आहे. उन्हातून आत शिरल्यावर आधी नुसता अंधूकपणा दिसतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला काही मिनिटे लागतात, पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटे. हळूहळू एकेक फूल, एकेक वेल वर येते. या वेळात उजळ स्क्रीन एकदा जरी पाहिली, तरी कमावलेली बरीच सवय गेली आणि डोळा पुन्हा पहिल्यापासून सुरू. फोन बाजूला ठेवा हा सल्ला इतर ठिकाणी संस्कारांचा असेल. इथे तो डोळ्याच्या पडद्याचा आहे.

राहता राहिले दाखवणे. 'सोशल मीडिया सोडा' हा उपदेश पोट भरलेल्या माणसाचा. जळगाव-बुऱ्हाणपूरकडच्या होतकरू चित्रकाराला मुंबईतली गॅलरी दारे उघडून बसलेली नाही. त्याला गिऱ्हाईक भेटते ते बरेचदा इन्स्टाग्रामवरच. फक्त काढण्याचा आणि दाखवण्याचा दिवस वेगळा असावा. मध्ये तीन-चार रात्री जाऊ द्याव्यात; तेवढ्यात चित्रातले खोटे कोपरे आपले आपल्यालाच दिसतात. टाकताना लाइक्सचा आकडा लपवायची सोय २०२१ पासून आहे, ती वापरावी. उभ्या चौकटीसाठी आडव्या गडाचे तुकडे करू नयेत. आडवाच टाकावा, वर-खाली पांढरी पट्टी राहिली तर राहू द्यावी, आणि कुठे बसून काढला ते एका ओळीत लिहावे. कमी लोक थांबतील. थांबलेल्यांपैकी एखादा विचारेल, "दादा, उजवीकडचा मिनार जरा बुटका झालाय का?" त्याला उत्तर द्यावे, आणि खरेच झाला असेल, तर पुढच्या खेपेला मोजायला त्याच मिनारापासून सुरुवात करावी.